पार्श्वभूमी : ऐतिहासिक शूटर आणि समीक्षकांची फूटपट्टी

दुसऱ्या महायुद्धावरच्या शूटर गेमची (म्हणजे बंदुकीने लढायच्या व्हिडिओ गेमची) जुनी परीक्षणं चाळली, तर तुलना युद्धापेक्षा चित्रपटाशीच जास्त केलेली दिसते. याला कारणही तसंच आहे. १९९८ साली 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' करणाऱ्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्याच कल्पनेतून १९९९मध्ये प्लेस्टेशनवर 'मेडल ऑफ ऑनर' आला. लष्करी सल्लागार होते माजी मरीन अधिकारी डेल डाय आणि संगीत मायकल जियाकिनो यांचं. राक्षस आणि परग्रहवासी मारण्याच्या त्या जमान्यात हा गेम वेगळा ठरला. स्तुती झाली ती मुख्यतः वातावरणाची, आवाजाची आणि संगीताची. कथा नावापुरतीच होती.

याच मालिकेतल्या २००२च्या 'अलाइड असॉल्ट'मधली नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यावरची लेव्हल त्याच चित्रपटाची थेट आठवण करून देणारी होती. तो गेम बनवणाऱ्या चमूतले बरेच जण बाहेर पडले, त्यांनी इन्फिनिटी वॉर्ड ही कंपनी काढली आणि २००३मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी' आणला. एकट्या शूरवीराऐवजी अमेरिकन, ब्रिटिश आणि सोव्हिएत सैनिकांच्या नजरेतून युद्ध दाखवल्याचं कौतुक झालं, पुरस्कारही भरपूर मिळाले. पण त्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग, म्हणजे रायफलीविना फक्त काडतुसं देऊन स्टॅलिनग्राडच्या लढाईत ढकललेला सैनिक, हाही एका चित्रपटाच्याच वळणावर गेलेला होता.

ही चाकोरी खऱ्या अर्थाने मोडली ती मार्च २००५मध्ये आलेल्या 'ब्रदर्स इन आर्म्स : रोड टू हिल ३०'ने. गिअरबॉक्स या गेम कंपनीने निवृत्त कर्नल जॉन अँटल यांना सोबत घेतलं आणि जुनी हवाई छायाचित्रं, लढाईनंतरचे लष्करी अहवाल यांच्या आधारे नॉर्मंडीतली रणभूमी उभी केली. कथा अमेरिकेच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या ५०२व्या पॅराशूट रेजिमेंटमधल्या सार्जंट मॅट बेकरची, जून १९४४मधल्या आठ दिवसांची. नेतृत्व अंगावर येऊन पडलेला हा माणूस, आणि त्याच्या हुकमावरून मरणारी त्याचीच पोरं. एका तुकडीने गोळीबार करून शत्रूला जागेवर खिळवायचं आणि दुसरीने बगलेतून हल्ला करायचा, एवढ्या एका डावपेचावर सगळा गेम बेतलेला. बहुतेक समीक्षकांना तो आवडला. तक्रारीही रास्त होत्या : तोच डाव पुन:पुन्हा खेळावा लागतो, वाटा ठरलेल्या आहेत, साथीदार कधीकधी आडोसा सोडून भलतीकडेच धावतात. नेम मुद्दाम डळमळीत ठेवलेला काहींना खटकला. मला तोच या गेमचा प्रामाणिकपणा वाटतो.

याच मालिकेतल्या २००८च्या 'हेल्स हायवे'ला मात्र पहिल्या भागाइतकी दाद मिळाली नाही. एव्हाना लोक या युद्धाला कंटाळले होते आणि २००७च्या 'कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर'ने बाजार आधुनिक काळाकडे वळवला होता.

मग २०१६मध्ये 'बॅटलफिल्ड १' पहिल्या महायुद्धात गेला. सुरुवातीच्या प्रकरणात खेळाडू मरतो, पडद्यावर त्या सैनिकाचं नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षं उमटतात, आणि आपण पुढच्या सैनिकाच्या अंगात शिरतो. या प्रकरणाची वाहवा झाली. पण आता प्रश्नही वेगळे विचारले जाऊ लागले. पश्चिम आघाडीही दाखवणाऱ्या या गेममध्ये फ्रेंच सैन्यच नाही, हे कसं? ते मार्च २०१७मध्ये आलं, तेही वेगळे पैसे मोजून घ्यायच्या पुरवणीत. रशियन सैन्याला त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत थांबावं लागलं.