पावसात या, सीझनला नको
मालवण परिसरातल्या होमस्टे, खानावळ आणि घरगुती उद्योगवाल्यांसाठी

आमचं ऑफिस मालवणात, माणसं तीन. गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत कसं पोचावं आणि एकदा आलेलं परत कसं यावं, एवढंच आम्ही बघतो.

बहुतेक जण आमच्याकडे येतात ते नाताळच्या तोंडावर. तेव्हा काही करण्यासारखं उरलेलं नसतं. खोल्या भरायच्या त्या भरतात. खरं काम जून-जुलैत होतं. किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. तुम्हालाही बसून बोलायला वेळ असतो. पुढे गणपतीत मुंबईकर घरी आले की कोणाला फुरसत नाही.

पहिल्या भेटीत आम्ही जाहिरातीचं नावही काढत नाही, तुमच्या घरी येऊन बघतो. देवबागातल्या एका होमस्टेची गूगल मॅपवरची खूण कर्ली नदीच्या पात्रात पडली होती. देवबाग म्हणजे समुद्र आणि नदी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. खूण जराशी सरकली तरी पाहुणा पाण्यात! रात्री दहा वाजता लोक फोन करून विचारायचे, "पुढे रस्ताच नाही, आता काय?" खूण जागेवर आणायला एक पैसा लागला नाही. गूगलवरची व्यवसायाची नोंद फुकट असते, ती तुमची तुम्हीही करू शकता. जमलं नाही तर आम्ही आहोतच.

त्याच घराच्या बोर्डावर ‘सी व्ह्यू’ लिहिलं होतं. खिडकीतून दिसत होते माड. आम्ही लिहिलं: ‘समुद्र माडांतून चार मिनिटं चालत. रात्री गाज ऐकू येते.’ असं वाचून आलेला पाहुणा खिडकी उघडून भांडत नाही.

खानावळवाल्यांना एकच सांगणं. मासेमारी बंद असताना ‘ताजी सुरमई’चा फोटो टाकू नका. सुकटीची चटणी, खाडीतलं जे मिळेल ते, कोंबडी-वडे, घावणे यांचे फोटो टाका, आणि तेही तुमच्याच चुलीवरचे. इंटरनेटवरून उचललेलं ताट चटकन ओळखू येतं.

कोकमवाल्यांचं दुखणं वेगळंच. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने बाटलीतलं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, पाण्यात ढवळून सरबत म्हणून प्यायलं आणि ‘खारट, खराब माल’ असं लिहून मोकळं झालं. चूक त्याची नाही, लेबलाची. ‘आगळ: मीठ घातलेलं, सोलकढीसाठी. सरबताला अमृत कोकम घ्या’ ही एक ओळ आम्ही लिहून दिली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ते चिन्ह लेबलावर छापायचं तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. शेजाऱ्याने छापलं म्हणून आपणही छापू नये.

काही कामं आम्ही घेत नाही. खोटे रिव्ह्यू लिहून देत नाही. ‘पाच स्टार द्या, सोलकढी फुकट’ हेही सुचवत नाही. गूगलच्या नियमांत ते बसत नाही. गूगलवर पहिला नंबर आणून देतो असं सांगणाऱ्यापासून तर चार हात लांब राहा. तो नंबर कोणाच्याच हातात नसतो.

फी काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून देतो. पहिली भेट फुकट. प्रत्येक अकाउंट तुमच्याच मोबाईल नंबरवर आणि पासवर्ड तुमच्याच वहीत. हे मुद्दाम लिहितोय, कारण बाहेरच्या कोणाकडून पेज करून घेतलेले आणि आता स्वतःच्याच पेजवर फोन नंबर बदलता न येणारे लोक आम्हाला दरवर्षी भेटतात.

येताना मोबाईल आणा, आणि मागच्या सीझनची पाहुण्यांची वही. कोण कुठून आलं, किती दिवस राहिलं आणि परत कोण आलं, हे त्यात असतं. वही नसेल तर यंदापासून घाला. साधी दोनशे पानी चालेल.