मोटर मोठी लावली की रोबोटचा हात थरथरत नाही म्हणे!

कापूस वेचायच्या रोबोटचा लांब हात थरथरला की आमच्या यवतमाळकडं पोरांना कोणीतरी सांगतंच, मोटर कमजोर हाये, मोठी लाव. किती वर्षं झाली हेच चाललंय, अन् हे साफ चूक आहे. हात पातळ, लांब असतो म्हणून लवतो, मोठ्या मोटरनं झटका वाढतो, थरथर नाही जात. आंबे तोडायचा लांब बांबू एकदम फिरवून पाहा, शेंडा आधी मागं राहतो अन् मग डोलत बसतो, तुमच्या हातात कितीही जोर असू द्या.

१९८१ मधे स्पेस शटलवर गेलेला कॅनडार्म नावाचा रोबोट हात १५ मीटर लांब होता, तोही डोलायचाच.

खरा इलाज टायमिंगचा. समजा हात सेकंदाला एकदा डोलतो, तर अर्धा धक्का आता द्यायचा अन् उरलेला अर्ध्या सेकंदानं, दोन्ही डोलणी एकमेकाला बऱ्यापैकी मारतात. पण हातात वजन आलं की डोलणं मंदावतं, टायमिंग चुकतं, अन् तिथंच फझी (अंदाजी नियमांवर चालणारा) किंवा न्यूरल (शिकत जाणारा) एआय कंट्रोलर कामाचा, तो सेन्सरवरून वाकणं बघत कमांड बदलत जातो. मात्र सेन्सर न लावता नुसतं एआय एआय करून काहीच होत नाही, पोरांनो आधी स्ट्रेन गेज, म्हणजे हाताचं वाकणं मोजणारा सेन्सर, चिकटवा.