रेंज आली, नेट कुठाय?

कर्जतला गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिन लागतं, वडापाववाले खिडकीशी येतात आणि डब्यातले सगळे घाईघाईनं शेवटचे मेसेज पाठवून घेतात. पुढे घाट आहे, हे नेहमीच्या प्रवाशाला सांगावं लागत नाही. मला परवा उशीर झाला. ‘जेवायला थांबू नका’ एवढंच पाठवायचं होतं, तेवढ्यात बोगदा आला. बाहेर पडल्यावर पाहिलं तर फोनवर चार काड्या, शेजारी ‘४जी’, सगळं जागच्या जागी. मेसेजजवळचं घड्याळ मात्र हलेना. ते हलायच्या आत पुढचा बोगदा.

बोगद्यात रेंज जाते यात नवल नाही, वर सह्याद्रीचा कातळ आहे. कोडं आहे ते बाहेर आल्यानंतरचं. बरेच जण गाडीच्या वेगाला दोष देतात. पण ताशी १०० किलोमीटरला १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची वारंवारता वेगामुळे सरकते जेमतेम १७० हर्ट्झनं, आणि ४जीत माहिती वाहून नेणाऱ्या शेजारशेजारच्या उपवाहक लहरींत १५,००० हर्ट्झचं अंतर ठेवलेलं असतं. घाटात तर गाडी याहून हळूच चढते. टॉवर बदलायलाही सगळं ठीक असेल तर सेकंदाचा लहानसा अंश लागतो.

खरी गोम पोचपावतीत आहे. इंटरनेटवर मजकूर तुकड्यातुकड्यांनी जातो आणि समोरून प्रत्येकाची पोच यावी लागते. टीसीपी नावाचा नियमसंच हे बघतो. पोच आली नाही की तुकडा पुन्हा पाठवायचा. पण लगेच नाही. आधी थोडं थांबायचं, मग दुप्पट, मग त्याच्या दुप्पट. पहिली वाट सोयीसाठी १ सेकंदाची धरू. मग फेरप्रयत्न होतात १, ३, ७, १५, ३१ आणि ६३ व्या सेकंदाला. तुकडा बोगद्याच्या तोंडाशी निघाला आणि गाडी २० व्या सेकंदाला उजेडात आली, तरी फोन ३१ व्या सेकंदापर्यंत गप्प. ३० व्या सेकंदाला पुढचा बोगदा लागला, तर तोही प्रयत्न वाया आणि वाट थेट ६३ पर्यंत. मधले दहा सेकंद काड्या भरलेल्या, रस्ता मोकळा, आणि फोन मात्र वाट बघत बसलेला.

हा संयम आला कॅलिफोर्नियातून. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातला माहिती जाण्याचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० वर आला. अंतर म्हणाल तर चारशे यार्ड, म्हणजे चार पानी पत्र चालत नेलं असतं तरी लवकर पोचलं असतं. पोच न मिळालेली यंत्रं पुन्हापुन्हा तेच पाठवत होती आणि कोंडी वाढवत होती. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स या संगणकतज्ज्ञांनी यावर जे उपाय केले ते १९८८ मध्ये मांडले गेले. त्यात हे दुपटीनं थांबणं होतं, आणि खंड पडल्यावर पुन्हा हळू सुरुवात करणंही. त्यामागचं गृहीतक असं, की तुकडा हरवला म्हणजे वाटेत गर्दी आहे. तारेच्या जाळ्यात तुकडा खराब होऊन हरवणं दुर्मीळ, त्यामुळे हे बरोबरच होतं. तार डोंगराच्या पोटात शिरून दर मिनिटाला नाहीशी होईल, असं तेव्हा कोण कशाला गृहीत धरेल?

काही ॲप जुनी जोडणी सोडून नवी उघडतात, म्हणून कधीकधी शेजाऱ्याचं चालतं आणि आपलं नाही. विमान मोड लावून काढण्याचा उपाय यामुळेच लागू पडतो. पण मग फोनला नेटवर्क नव्यानं शोधून नोंद करावी लागते. दोन बोगद्यांच्या मधल्या उजेडात हा जुगारच. मी खेळलो, हरलो.

लोणावळ्याच्या अलीकडे डबाभर एकदम टिंग टिंग सुरू झालं. अख्ख्या गाडीतले शेकडो फोन एकाच वेळी त्याच दोन-चार टॉवरांना भिडले होते. माझं घड्याळ अजून फिरतच होतं, आणि आता मात्र खरोखरच गर्दी होती.