खोल दऱ्यांच्या कड्यांवरील पदभ्रमण : धोके

नदीने लाखो वर्षे खडक कापत नेल्यामुळे तयार झालेल्या, उभ्या भिंतींच्या खोल दरीला निदरी किंवा कॅन्यन म्हणतात. अशा दरीच्या वरच्या काठावरून, भिंतीत मध्येच आलेल्या अरुंद पदरावरून किंवा कड्याच्या पोटातून खोदून काढलेल्या आडव्या वाटेवरून चालताना संभवणारे धोके हा या नोंदीचा विषय आहे. सपाट रानवाटेवर ज्या चुकीने फार तर गुडघा खरचटतो, तीच चूक कड्यावर जिवावर बेतते. पाय घसरण्याची शक्यता दोन्हीकडे जवळपास सारखीच असली, तरी घसरल्यानंतर स्वतःला थांबवण्याची सोय कड्यावर उरलेली नसते. हवेचा विरोध सोडून दिल्यास १० मीटर उंचीवरून पडणारे शरीर सुमारे १.४ सेकंदांत ताशी ५० किलोमीटर वेगाने खाली आदळते आणि ३० मीटरवरून पडल्यास अडीच सेकंदांत हाच वेग ताशी ८७ किलोमीटरच्या आसपास जातो. वाटेच्या एका बाजूला जमीनच नसण्याच्या या स्थितीला आणि तिच्यामुळे मनावर येणाऱ्या दडपणाला मराठी डोंगरभटक्यांच्या बोलीत ‘दृष्टिभय’ असा नेमका शब्द आहे.

काठ ही एक ठळक रेघ असते आणि तिच्या अलीकडे सर्व सुरक्षित असते, हा समज भूरचनेमुळे फोल ठरतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने कोरलेली ग्रँड कॅन्यन ही सुमारे ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि १.६ किलोमीटरहून अधिक खोल दरी या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. तिच्या भिंतींत चुनखडक व वालुकाश्म यांचे कठीण थर आणि शेल या मऊ खडकाचे थर एकाआड एक आलेले आहेत. कठीण थरांचे उभे कडे होतात, मऊ थर झिजून त्यांचे उतार होतात आणि त्यामुळे सारी भिंत पायऱ्यापायऱ्यांची दिसते. मऊ थर आत झिजत गेला की वरचा कठीण थर छज्जासारखा अधांतरी पुढे आलेला राहतो. त्यावर उभ्या राहणाऱ्याला आपल्या पायांखाली किती खडक उरला आहे, हे वरून कधीच दिसत नाही. ते समजते दरीच्या पलीकडच्या काठावरून पाहणाऱ्याला. शिवाय दरी खोल होत जाते तसा खडकावरचा बाजूचा दाब सुटतो आणि काठाला समांतर अशा उभ्या भेगा पडतात. या भेगांत साचलेले पाणी थंडीत गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि भेग दरवर्षी थोडी थोडी रुंदावते. काठापासून हात-दोन हात आत, माती आणि पाचोळ्याने बुजलेली एखादी सरळ रेघ दिसली, तर तिच्या पुढचा खडक मूळ भिंतीपासून सुटत आलेला आहे असेच धरून चालावे. वालुकाश्माच्या बाबतीत पावसानंतरचे एक-दोन दिवस विशेष जोखमीचे असतात, कारण ओल मुरलेला हा खडक कमकुवत होतो आणि कोरडा असताना भक्कम वाटणारी हाताची पकड ओला असताना ठिसूळ बिस्किटासारखी तुटून हातात येते.

प्रत्यक्षात मात्र खडक तुटण्यापेक्षा खडकावरची सुटी खडी अधिक वेळा घात करते. गुळगुळीत कातळावर पसरलेली वाटाण्याएवढी खडी बुटाखाली छऱ्यांसारखी गोल फिरते. बुटाचा तळ कितीही चांगला असला तरी तो कातळाला टेकतच नाही. त्यातच काठाकडची जमीन बहुधा दरीकडे कललेली असते आणि हा उतार पुढे पुढे अधिक तीव्र होत जातो. असा मध्ये फुगीर आणि पुढे खाली वळत गेलेला उतार वरून निरुपद्रवी दिसतो, कारण त्याचा शेवटचा, सर्वांत धोकादायक भाग उताराच्याच आड दडलेला असतो. ‘अजून चार पावले पुढे गेलो की तळ दिसेल’ असे म्हणत माणूस पुढे सरकतो, आणि तळ दिसू लागतो त्या ठिकाणी मागे वळण्याइतका भरवशाचा पाय ठेवायला जागा उरलेली नसते.

शरीराचा तोल डोळे, अंतर्कर्णातील संतुलनेंद्रिये आणि स्नायू-सांध्यांतून येणाऱ्या संवेदना या तिघांच्या मेळातून राखला जातो. स्थिर उभे असतानाही शरीर किंचित डोलत असते आणि जवळच्या वस्तू डोळ्यांपुढे हलल्यासारख्या दिसताच मेंदू ते डोलणे दुरुस्त करतो. कड्याच्या टोकावर समोरची सर्वांत जवळची वस्तू शेकडो मीटर दूर असते. तेवढ्या अंतरावर शरीराच्या डोलण्याने तिच्यात काहीच फरक दिसत नाही, म्हणून डोळ्यांकडून मिळणारी दुरुस्ती थांबते आणि डोलणे वाढते. उंचीवर भोवंड आल्यासारखे वाटण्याचे एक मोठे कारण हे आहे, आणि त्याचा भित्रेपणाशी संबंध नाही. डोके झटकन वर-खाली करणे, वरून जाणारा पक्षी किंवा ढग पाहणे, दुर्बिणीतून खाली पाहता पाहता चालणे या क्रियांनी हा त्रास बळावतो. अशा वेळी खाली बसावे, खडकाला हात लावावा आणि हाताच्या अंतरावरील एखाद्या स्थिर वस्तूवर नजर ठेवावी, म्हणजे तोल पुन्हा जाग्यावर येतो.

छायाचित्रणाने या जुन्या धोक्याला नवे रूप दिले आहे. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातील जगभरच्या बातम्यांचा मागोवा घेऊन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात सेल्फी काढताना झालेल्या २५९ मृत्यूंची नोंद आढळली, आणि बुडणे व वाहनांचे अपघात यांच्याबरोबर उंचावरून पडणे हे त्यांतील प्रमुख कारणांपैकी एक होते. सेल्फी घेणारा दरीकडे पाठ करून उभा असतो. त्याची नजर हाताच्या पडद्यावर असते, पडद्याच्या चौकटीत काठ दिसत नाही, आणि चौकटीत आणखी थोडी दरी यावी म्हणून टाकलेले पाऊल मागे, म्हणजे दरीकडेच पडते. सोबत्याचे छायाचित्र काढणाराही याला अपवाद नाही. ‘थोडा मागे हो’ ही सूचना कड्यावर कोणी देऊच नये. ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाच्या सूचनांनुसार काठापासून किमान २ मीटर अंतर राखणे अपेक्षित आहे. साधारणपणे हे अंतर पूर्ण वाढीच्या माणसाच्या उंचीपेक्षा अधिक असल्यामुळे, जागच्या जागी आडवा पडला तरी माणूस काठाच्या अलीकडेच राहतो. छायाचित्र मात्र तेथूनही काठावरून काढल्यासारखेच येते.

अरुंद पदरावरच्या वाटेवर सामानही दगा देते. पाठपिशवीला आडवी बांधलेली झोपण्याची चटई माणसाच्या खांद्यांपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर आलेली असते. वाटेच्या वळणावर तिचे टोक आतल्या भिंतीला थडकते आणि तो हलकासा धक्का चालणाऱ्याला नेमका दरीच्या बाजूला ढकलतो. म्हणून अशा वाटेवर सामान उभे बांधतात आणि पिशवीचे पट्टे अंगाशी आवळून घेतात. समोरून कोणी आले तर थांबायचे ते भिंतीच्या बाजूला. ग्रँड कॅन्यनच्या वाटांवर खेचरांचे तांडे ये-जा करतात. त्यांना वाट देताना चढाच्या बाजूला, काठापासून दूर उभे राहण्याचा नियम आहे, कारण बुजलेले जनावर ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला माणूस असू नये. गर्दीही या वाटांवर स्वतंत्र धोका ठरते. यूटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानात ‘एंजल्स लँडिंग’ या सुमारे ४५० मीटर उंचीच्या सुळक्याच्या शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना दरी असलेल्या धारेवरून साखळ्या धरून चढावे लागते. चढणारे आणि उतरणारे एकाच साखळीपाशी खोळंबू लागल्याने तेथे १ एप्रिल २०२२ पासून परवाना बंधनकारक करण्यात आला.

वाट चुकणाऱ्यांची एक ठरावीक कथा बचाव पथकांना पाठ असते. दरीच्या तळाशी नदी किंवा खालची पायवाट डोळ्यांना दिसत असते, म्हणून माणूस मळलेली वाट सोडून सरळ खाली उतरू लागतो. दोन-तीन पुरुष उंचीचे टप्पे तो बसकण मारत, घसरत उतरतो आणि अखेरीस अशा पदरावर पोचतो जेथून पुढे सरळ कडा असतो. आता परत वर चढावे तर ज्या कातळावरून तो घसरत आला त्यावर चढायला खोबणी नसतात. जो टप्पा पुन्हा चढून जाता येईल याची खात्री नाही तो उतरू नये, हा नियम येथूनच आला. मोठे दगड पाहूनही फसगत होते. भिंतींमध्ये वर्षानुवर्षे घट्ट अडकलेला वाटणारा दगड माणसाचे वजन पडताच हलू शकतो. एप्रिल २००३ मध्ये यूटातील ब्लूजॉन कॅन्यनमध्ये ॲरन राल्स्टन या गिर्यारोहकाचा हात अशाच निसटलेल्या शिळेखाली सापडला आणि पाच दिवसांनंतर तो स्वतः कापून त्याला सुटका करून घ्यावी लागली. आपण कोठे चाललो आहोत हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते.

उष्णता हा वरवर पाहता वेगळा विषय वाटतो, पण तो कड्याशी जोडलेला आहे. डोंगर चढताना दमलेला माणूस परत फिरला की त्याला उतार मिळतो. दरीत हे उलटे घडते, कारण चढ शेवटी आणि दुपारच्या उन्हात येतो. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ नदीपेक्षा सुमारे १,४०० मीटर उंच आहे. उन्हाळ्यात काठावर हवा सुसह्य असताना तळाशी तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते, म्हणूनच एका दिवसात नदीपर्यंत उतरून परत येऊ नये असे तेथे बजावले जाते. पाण्याअभावी आणि उन्हाने माणसाचा तोल व विवेक दोन्ही ढासळतात, उतरून थकलेल्या मांड्या थरथरू लागतात, आणि सकाळी सहज पार केलेला पदर संध्याकाळी पार होत नाही. उघड्या काठावर विजेचा धोकाही मोठा असतो. वीज चमकल्यानंतर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर काठ सोडून आत जावे. अरुंद घळीत पुराची भीती असते आणि तो पाऊस डोक्यावर पडलेला असेलच असे नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील अँटिलोप कॅन्यनमध्ये वरच्या भागात दूरवर पडलेल्या पावसाचे पाणी अचानक घुसून ११ जणांचा बळी गेला.

अशा जागांच्या व्यवस्थापनाबाबत दोन विचार दिसतात. एक कठडे आणि बांधीव वाटा यांचा. स्पेनमधील एल चोरो घळीत जलविद्युत प्रकल्पाच्या कामगारांसाठी १९०१ ते १९०५ या काळात नदीपासून सुमारे १०० मीटर उंचीवर, जेमतेम मीटरभर रुंद अशी भिंतीला चिकटलेली वाट बांधली गेली, ती ‘कॅमिनितो देल रे’. देखभालीअभावी तिचे काँक्रीट जागोजागी गळून पडले, १९९९ व २००० मधील जीवघेण्या अपघातांनंतर ती बंद झाली आणि नवी फळ्यांची वाट व दोरतारा बसवून २०१५ मध्ये शिरस्त्राणाच्या सक्तीसह पुन्हा उघडली. दुसरा विचार माणसांना निवडून, ऋतू पाहून सोडण्याचा. नामिबियातील फिश रिव्हर कॅन्यनची सुमारे ८५ किलोमीटरची पायवाट १ मे ते १५ सप्टेंबर एवढ्याच थंड काळात खुली असते आणि तिच्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र दाखवावे लागते. क्रीट बेटावरील समारिया ही १६ किलोमीटरची घळ हिवाळ्यात बंद राहते. शेकडो किलोमीटरच्या काठाला कठडा घालणे अशक्य आहे, आणि जेथे तो घातला जातो तेथे त्यावर चढून बसणारेही निघतात. त्यामुळे दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

पडलेल्या किंवा पदरावर अडकलेल्या माणसापर्यंत मदत पोचायला किती वेळ लागेल हे बहुधा भिंतीच ठरवतात. उंच भिंतींच्या आड मोबाइलला संदेशलहरी मिळत नाहीत, अरुंद दरीत हेलिकॉप्टरच्या पात्यांना पुरेशी जागा नसते, आणि तापलेल्या विरळ हवेत त्याची उचलण्याची क्षमता घटते. दोराने उतरणाऱ्या बचावकर्त्यांना वरून सुटणारे दगड चुकवत काम करावे लागते, आणि हे दगड अनेकदा काठावर पाहायला जमलेल्या लोकांच्याच पायांनी सुटलेले असतात. म्हणून पथक पोचले की ते दोर बांधण्याआधी काठ रिकामा करून घेते.