मांसातील प्रतिजैविकरोधी जनुके

जिवाणूला प्रतिजैविक औषधाला दाद न देण्याची क्षमता देणारी जनुके. कोंबडी, मटण आणि मासळीवरच्या ई. कोलाय, साल्मोनेला, एंटरोकोकस अशा जिवाणूंत ती आढळतात. काही जनुकांमुळे औषध फोडणारे विकर (एन्झाइम) तयार होते, काहींमुळे औषध पेशीबाहेर उपसले जाते, तर काही औषध चिकटण्याची जागाच बदलून टाकतात.

ही जनुके निसर्गात पूर्वापार आहेत. कॅनडातील युकॉनच्या ३०,००० वर्षे गोठलेल्या मातीतही ती मिळाली. पशुपालनात औषधे सर्रास वापरली गेली आणि ही जनुके बाळगणाऱ्या जिवाणूंचे फावले. प्लाझमिडवरची, म्हणजे जिवाणूतल्या मुख्य गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनए-कड्यावरची जनुके तर एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जातात. कोलिस्टिन हे रुग्णालयातले अखेरच्या फळीतले औषध. त्याला निष्प्रभ करणारे एमसीआर-१ जनुक चीनमध्ये डुकरे, कच्चे मांस आणि रुग्ण अशा तिन्ही ठिकाणी सापडल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून असे औषध खाद्यातून देणे ही घोडचूकच होती. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याचा वापर बंद केला.

कोकणात खाडीकाठच्या कोळंबी तळ्यांचाही विचार करावा लागतो. खाद्यातून दिलेले औषध पाण्यात, गाळात उतरते आणि तळ्याचे पाणी शेवटी खाडीलाच मिळते. निर्यातीच्या कोळंबीत औषधाचा अंश तपासतात. पण अंश आणि जनुक या वेगळ्या गोष्टी आहेत: औषध थांबवल्यावर अंश काही दिवसांत उतरतो, रोधक जिवाणू मात्र मागे राहू शकतात. अंश नसलेली कोळंबी म्हणून जनुकमुक्त ठरत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. या दिवसांत सुक्या मासळीच्या जोडीला ब्रॉयलर कोंबडी घरात येते. सागोती खळखळून उकळली की जिवाणू मरतात. मेलेल्या जिवाणूतून जनुक पुढे जाण्याची शक्यता फार कमी. खरा धोका शिजवण्याआधीचा. दुकानातल्या ओंडक्यावर एकामागून एक कोंबड्या तोडल्या जातात. घरी ज्या विळीवर तुकडे केले, तिच्यावरच नुसते पाणी ओतून तोंडी लावायचा कांदा आणि कोथिंबीर चिरली, तर जिवंत जिवाणू थेट पोटात जातात. तिथे ते आतड्यातल्या जिवाणूंना आपले प्लाझमिड देऊ शकतात, तेही माणूस आजारी न पडता. कोंबडी नळाखाली धुतानाही शिंतोडे आजूबाजूच्या भांड्यांवर उडतात. कच्च्या मांसासाठी विळी वेगळी ठेवावी, नाहीतर ती साबणाने घासून, गरम पाण्याने धुऊन मगच कांद्याला घ्यावी.