हातोडा लावण्याआधी: फ्लॅटमधील कामाच्या परवानग्या आणि सुरक्षितता
(ठाणे व नवी मुंबईतील आमच्या ग्राहकांसाठी)

कामाचा अंदाज देण्याआधी आम्ही तुमच्याकडे इमारतीचा मंजूर नकाशा आणि मिळत असेल तर आरसीसी ड्रॉइंग (खांब, तुळया, स्लॅब दाखवणारा काँक्रीटच्या सांगाड्याचा नकाशा) मागतो. कुठली भिंत पाडता येईल हे ठोकून, आवाज ऐकून ठरत नाही. घोडबंदर रोडवरच्या अनेक नव्या टॉवरांत मिवान पद्धतीचं बांधकाम आहे. तिथे स्लॅबबरोबरच आतल्या भिंतीही काँक्रीटच्या ओततात आणि वरच्या मजल्यांचा भार त्यांतून खाली उतरतो. अशी भिंत पाडायची नाही, दार रुंद करायला कापायचीही नाही. जुन्या, कमी मजल्यांच्या इमारतीत नऊ इंची विटांची भिंतही भार पेलत असू शकते. साडेचार इंची भिंत बहुधा नुसता आडोसा असते, तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आल्याशिवाय आम्ही तिला हात लावत नाही.

नगररचना कायदा, १९६६ च्या कलम ४३ प्रमाणे केवळ आतल्या बाजूच्या दुरुस्तीला महापालिकेची परवानगी लागत नाही. बाल्कनी खोलीत घेणं, गच्चीवर शेड किंवा बाहेरच्या भिंतीत नवी खिडकी ही कामं त्यात बसत नाहीत. त्यासाठी वास्तुविशारदामार्फत प्रस्ताव द्यावा लागतो. सोसायटीची लेखी परवानगी मात्र दोन्ही प्रकारच्या कामांना घ्या. अर्जाला कामाचा नकाशा, कामगारांची ओळखपत्रं आणि डेब्रिज (फोडकामाचा राडारोडा) कुठे टाकणार याचा तपशील जोडा. कमिटीची बैठक बऱ्याच ठिकाणी महिन्यातून एकदाच होते, म्हणून अर्ज महिनाभर आधी द्या.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते वजनाकडे. राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून आखतात. डेब्रिजचा एक फूट उंच ढीग तेवढ्याच जागेवर ३५० ते ४५० किलो भरतो, ओली रेती त्याहून जड. म्हणून फोडलेला माल गोणीत भरून त्याच दिवशी खाली न्यायचा, बाल्कनीत तर अजिबात साठवायचा नाही. जुन्या लादीवर ४० मिलिमीटर सिमेंट-रेतीचा मसाला टाकून नवी टाइल बसवली की चौरस मीटरला सुमारे १०० किलो कायमचे वाढतात, म्हणजे निम्मी क्षमता त्यातच गेली. जुनी लादी काढा. ती घट्ट असेल तर तिच्यावरच नवी टाइल ॲडेसिव्हने बसवा, मग वाढ तीसेक किलोंवर राहते.

बाथरूमची लादी फोडली की वॉटरप्रूफिंगही दुखावतं. नवा कोबा झाल्यावर, टाइलआधी, नहाणी ट्रॅप (पाणी निघून जाण्याची जाळी) बंद करून दोन इंच पाणी ४८ तास भरून ठेवतो आणि खालच्या घराचं छत तपासतो. गळती तेव्हाच कळली तर दुरुस्ती दोन दिवसांची, टाइलनंतर कळली तर सगळं पुन्हा फोडावं लागतं. खालच्या शेजाऱ्यांना तारीख आधी सांगून ठेवा.

पाइप गॅसची लाइन किंवा मीटर प्लंबरकडून हलवून घेऊ नका, गॅस कंपनीकडेच अर्ज करा. कामाच्या तात्पुरत्या बोर्डावर आम्ही ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावतो, कारण ओल्या फरशीवर ग्राइंडरची फाटकी वायर जिवावर बेतते. परांची बांधून करायची बाहेरची कामं जून ते सप्टेंबर घेत नाही.