कोंबडा झाकला तरी आरवतोच

‘उजेड दिसला की कोंबडा आरवतो, खुराडं काळ्या कापडानं झाका, गप्प बसेल.’ शहरात परसात कोंबड्या पाळणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी कोंबडे सतत मंद प्रकाशात ठेवून पाहिले. बाहेरची पहाट कळायला मार्ग नसतानाही ते ठरावीक वेळी आरवत राहिले (२०१३). वेळ शरीरातलं घड्याळ ठरवतं. गाडीचे दिवे किंवा शेजारचा कोंबडा ही वरची चिथावणी. काळोखानं तेवढीच कमी होते.

उलट घट्ट झाकण्यात धोका आहे. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. बंद खुराड्यात उष्मा, दमटपणा आणि विष्ठेचा अमोनिया साचतो. झाकायचंच तर फक्त दिव्याकडची बाजू झाका, छताखालची जाळी उघडी ठेवा. प्लास्टिक नकोच. आवाज दाबायला कोंबड्याच्या गळ्याला आवळायचा पट्टाही टाळावा. तो जरा घट्ट झाला तरी श्वास अडतो.

कळपात वरचढ कोंबडा आधी आरवतो, बाकीचे मागून साथ देतात, म्हणून एकापेक्षा जास्त ठेवू नका. अंड्यांसाठी तर एकाचीही गरज नसते.

मात्र आरवणारा पक्षी दुसरीकडे हलवण्याआधी तो कोंबडाच आहे ना, ते पाहा. पाच महिन्यांच्या पुढे शेपटीच्या बुडाशी लांब, टोकदार पिसं असतील तर नर. गोलसर असतील तर मादी. डावं अंडाशय बिघडलं की क्वचित कोंबडीही आरवते, तिचा तुरा वाढतो, अंडी थांबतात. कोंबडी आरवली की लोक अपशकुन मानतात, पण यात अपशकुन कसला?